यंत्राची फीत

यंत्राला लाल फीत बांधलेली होती आणि त्याच्यासमोर सुगंधा कळा सोसत उभी होती. सातवा महिना, पाणी गेलेलं. आधीचं बाळ जंतुसंसर्गानं दगावलेलं.

"सिस्टर, आईच्या अंगात जंतू आहेत का, ते ह्यात तासाभरात कळतं ना?" तिच्या नवऱ्यानं विचारलं.

"कळतं की. पण उद्घाटन व्हायचंय. साहेब सोमवारी येतायत."

"मग तपासणी न करताच जंतूंवरचं इंजेक्शन द्या."

"आधी द्यायचो हो. आता यंत्र आलंय ना, रिपोर्टशिवाय द्यायचं नाही असा नियम झालाय."

बाळ शुक्रवारी जन्मलं आणि रविवारी जंतूंनी गेलं.

सोमवारी साहेबांनी फीत कापली. प्रात्यक्षिकासाठी वॉर्डात दुसरी बाई नव्हती, म्हणून सुगंधाचाच नमुना घेतला. भाषणं संपायच्या आत यंत्रानं सांगितलं, जंतू आहेत. जोरदार टाळ्या झाल्या.

पहिली पेशंट म्हणून साहेबांच्या मिसेसनी तिची ओटी भरली. "बाळ कुठाय? झोपलं वाटतं?"

"हो मॅडम," सिस्टर घाईनं म्हणाली.

सुगंधानं ओटीतला नारळ उचलून छातीशी घेतला, मानेखाली नीट हात देऊन.