बाबा, आता बोलू?

अण्णांच्या उमेदीच्या काळातल्या गाण्यांचा संग्रह निघणार होता. त्यांच्या जुन्या कॅसेटी साफ करायचं काम माझ्याकडे आलं. ती गाणी त्यांनी स्वयंपाकघरात, ओट्यावर टेपरेकॉर्डर ठेवून गायली होती. गाणं संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, अशी लेकीला ताकीद असायची. शेवटचं गाणं संपतं आणि तिचा चिमुकला आवाज येतो, "बाबा, आता बोलू?"

त्याच वर्षी ती तापाने गेली.

"खरखर काढ," अण्णा म्हणाले. "तिला मात्र हात लावू नकोस. पुन्हा लाव बघू."

मी लावलं. या खेपेला आवाज जरा मोठ्या मुलीचा वाटला. टेपचा वेग चुकला असेल म्हणून तपासलं, पण गाणं होतं त्याच सुरात होतं.

अण्णा रोज येऊन ऐकत राहिले. मुलगी वयात आली, बाई झाली. एका दुपारी त्या आवाजाला कंप सुटला, तसा अण्णांनी माझा हात धरला.

"बस कर रे. माझ्याएवढी झाली ती."

मी यंत्र बंद केलं. पण संग्रह त्याच सकाळी बाजारात गेला होता.

आठवड्याने प्रकाशकाचा फोन आला तेव्हा मी अण्णांजवळच होतो.

"गाणी घरोघरी वाजतायत, अण्णा. सगळे एकच विचारतात. शेवटी बोलते ती म्हातारी कोण? आवाज अगदी खोल गेलाय हो तिचा."