मागच्या सीटचं वजन

"सार, मागे बसणाऱ्यांचं वजन चौसष्ट किलोच ना? खात्री करून सांगा. मागचा टायर त्यावरच ठरणार."

फोन टायरच्या दुकानातून आला होता, तमिळमधून. नवरा आंघोळीला गेलेला, म्हणून राजमने उचलला. "विचारून सांगते," एवढंच म्हणून तिने तो ठेवला आणि नवऱ्याच्या कॉफीत साखर घालायला मुद्दाम विसरली.

राजमचं वजन पंचावन्न किलो. अख्ख्या घराला ते ठाऊक होतं. मग ही चौसष्ट किलोंची कोण?

तंजावूरच्या जुन्या मराठी घराण्यातला व्यंकटरमण तिथल्याच एका कॉलेजात गणित शिकवायचा. पन्नाशीला टेकलेल्या या गृहस्थाने चार महिन्यांपूर्वी जाहीर केलं, की मोटारसायकलवरून लडाखला जाऊन यायचं. जाऊन-येऊन सात हजार किलोमीटर. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. राजमला बघायला आला तेव्हा हाच माणूस पंधरा मिनिटं बसला, शिऱ्यासारखी केसरी खाल्ली, कॉफी प्यायला आणि होकार देऊन मोकळा झाला. गाडी मात्र सात वेळा बघून आला. एकीचं इंजिन आवडलं, पण मागची सीट अरुंद म्हणून ती नापास. दुसरीची सीट उंच म्हणून तीही नापास. शोरूममध्ये म्हणे तो पुढे बसण्याआधी मागे बसून बघायचा, डोळे मिटून, चांगली दहा-दहा मिनिटं. हे ऐकून राजम खूप हसली होती. आज तिला त्यात हसण्यासारखं काही दिसेना.

गाडीचा आपल्याला हेवा वाटतो, हे तिने स्वतःशी केव्हाच कबूल केलं होतं. लोखंडावर जळण्यात निदान अब्रू जात नाही. पण हे चौसष्ट किलो हाडामांसाचे होते, आणि त्यांना नाव होतं. हरिप्रिया. त्याच्या रायडर मंडळातली, बँकेत काम करणारी. उंच, रुंद खांद्यांची, हेल्मेट काढलं की केस झटकणारी. एकदा घरी जेवायला आली होती आणि डोशासारखी जाड अडई दोनदा मागून घेतली होती. स्वतःची गाडी तिने विकायला काढलीय, असंही राजमच्या कानावर आलं होतं. राजमने तिला मनातल्या मनात काट्यावर चढवलं. बरोबर चौसष्ट! एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही.

तशी राजमला लडाखची हौस नव्हती. थंडीत तिचे गुडघे धरत. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या ओरत्तनाड्याच्या पुढे ती त्याच्या मागे कधी बसली नव्हती, आणि तिथवरही कुरकुरतच जायची. पण ती जागा तिची होती. नको म्हणायचा हक्कसुद्धा तिचाच होता, आणि त्याने विचारलंच नव्हतं. या विचाराने तिचा दिवसभर नुसता जळफळाट झाला.

संध्याकाळी तो निघाला, तशी ती चपला घालून दारात उभी राहिली.

"मी पण येतें दुकानाला."

त्याचा चेहरा पडला. तिने ते नीट टिपून ठेवलं.

दुकानदार सुब्रह्मण्यने दोन टायर काढून ठेवले होते. नरम रबराचा रस्ता घट्ट धरायचा, पण परतीच्या वाटेवर झिजून गेला असता. कडक रबराचा टिकला असता, वजनही जास्त पेललं असतं, पण पावसात त्याचा भरवसा कमी. व्यंकटरमण दोन्हींवरून हात फिरवत बसला. इतक्या हळुवारपणे, की राजमला बघवेना.

"सार, आधी वजनाचं सांगा," सुब्रह्मण्य म्हणाला. "दोन माणसं, वर सामान. कमी वजन पेलणारा टायर घातलात तर तो उन्हात तापून फुटेल, आणि मागे बसलेलं माणूस आधी पडेल."

"चौसष्ट," टायरकडे बघत व्यंकटरमण पुटपुटला.

राजम उसळली. घरची मराठी त्या दुकानात कुणालाच कळत नव्हती, त्यामुळे तिने आवाज चढवताना मागचापुढचा विचार केला नाही.

"कोण ती चौसष्ट किलोंची? बावीस वर्षं तुमच्या मागें मी बसलें, आणि लडाखला ती हरिप्रिया?"

"अय्यो, तिला मी कशाला नेऊं? तिने मोठी गाडी घेतली आहे, ती तिच्या नवऱ्यासंगट जाते." व्यंकटरमण चक्क घाबरला होता. "तुज न्यायचें आहे गे."

"मज? मी पंचावन्न आहें!"

व्यंकटरमणने सुब्रह्मण्यकडे पाहिलं, मग जमिनीकडे. वर्गात साठ मुलांना दटावणारा त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"मागल्या वर्षी तू टायफॉइडमधून उठलीस, तेव्हां मी देवळांत गुळाने तुझा तुलाभार केला. तू पारड्यांत डोळे मिटून बसलीस, देवाचें नाव घेत. समोरच्या पारड्यांत गूळ चढवणारा मी होतों. एकसष्ट किलो लागला. मग तू पोटभर जेवूं लागलीस. वरचे तीन मी अंदाजाने धरले."

राजमचे कान तापले होते. आजारपणातून उठल्यावर आलं नव्हतं तसं रडू आता येईल, अशी तिला भीती वाटली.

"मग चार महिने मज विचारलें कां नाहीं?"

"विचारलें असतें तर हें वजनही निघालें असतें." त्याने जास्त वजन पेलणारा कडक टायर आपल्याकडे ओढून घेतला. "घरच्यांना, पाहुण्यांना मी पंचावन्नच सांगत आलों. टायराला तसें कसें सांगूं?"