टोकदार ढीग

गळक्या छपराने गहू ओलावला आणि पोत्यांना कोळीकीड लागली. ही कीड दिसत नाही. दिसते ती पिठासारखी धूळ. त्या धुळीचा टोकदार ढीग लावायचा आणि बसून राहायचं. ढीग आपोआप पसरला, तर कीड जिवंत.

विषारी गोळ्या ठेवून आठवडाभर बंद केलेलं कोठार आज उघडलं होतं. वर छपरावर वहिनीचा नवरा पालथा पडून पत्रे ठोकत होता. खाली धाकट्या दिरासमोर वहिनीने धुळीचा ढीग लावला.

"भावजी, मेली असेल ना हो?"

"मेलीच! दादाला उतरवा आता, नाहीतर वरच संसार थाटेल."

ढीग हलला. त्यातून दोन पाय फुटले, दोन हात फुटले. वीतभर माणूस पालथा पडला होता, आणि वरच्या हातोडीच्या ठेक्यावर त्याचा इवला हात वरखाली होत होता.

"जिवंत आहे!" भावजींनी घाबरून फावडं हाणलं. धुळीच्या माणसाचा पाय तुटला.

वर हाड कडाडलं. दादाने किंकाळी फोडली. पत्र्याच्या फटीतून रक्ताची धार गव्हावर आली.

भावजींनी फावडं फेकलं. वहिनीने त्या धुळीच्या माणसावर ओंजळ पालथी घातली, जशी वाऱ्यात दिव्यावर धरतात.

तेवढ्यात उरलेली धूळ सरकली. तिचा दुसरा माणूस झाला. त्याने वाकून धुळीचंच फावडं उचललं.

भावजीही वाकले आणि त्यांनी फेकलेलं फावडं उचललं.

"वहिनी, हात काढा," ते रडत म्हणाले, "मला थांबता येत नाहीये."