बारा किलो

"गणित बरोबर आहे. भर आता," म्हणत सिस्टरांनी वहीवर खूण केली.

शिकाऊ नर्सचं गणित पाच दिवस बरोबरच येत होतं. केसपेपरवर वजन बारा किलो, एका किलोला औषध इतकं, म्हणजे सिरिंजमध्ये इतकं. दशांशचिन्ह कधी जागचं हललं नव्हतं. सहाव्या दिवसाचं औषध भरून ती कोपऱ्यातल्या खाटेपाशी गेली. पहिल्या दिवशी ट्रे नुसता खडखडला तरी ही अडीच वर्षांची पोर वॉर्ड डोक्यावर घ्यायची. आज ती पाठमोरी बसून बाटलीचं झाकण पांघरुणावर फिरवत राहिली.

"सवय झाली हो तिला," आई कौतुकाने म्हणाली.

चादर ओली होती, म्हणून नर्सने मुलीला उचललं. नर्सच्या घरी तिची भाची बारा किलोची होती. तिला कडेवर घेतलं की कंबर मोडायची. ही तर हाताला लागतच नव्हती.

"हिचं वजन केलंय ना?"

"बारा सांगितलंय की!" आईचा आवाज चढला. "किती वेळा विचाराल?"

सांगितलंय. म्हणजे केलेलं नाही. करणार तरी कशावर? वॉर्डातल्या वजनकाट्यावर वर्षभर जुन्या फायली ठाण मांडून बसल्या होत्या. "अगं, हे काय नसतं खूळ!" असं सिस्टर म्हणेपर्यंत नर्सने त्या जमिनीवर उतरवल्या आणि मुलीला वर बसवलं. काटा साडेसातावर थांबला.

"खोटं कशाला सांगितलंत हो?" नर्स रडकुंडीला आली. "हे औषध जास्त झालं तर कान जातात. आणि रोज मीच दिलंय, माझ्या हाताने!"

"गेल्या खेपेला खरंच सांगितलं होतं," आई म्हणाली. बघत होती ती सिस्टरांकडे. "तर ह्याच बाईंनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. पोरीला उपाशी मारतेस का, म्हणाल्या. पार त्या टोकाच्या खाटेपर्यंत ऐकू गेलं. घरात असेल ते आधी हिलाच भरवते मी. या वेळी बारा म्हटलं, तर कोणी ओरडलं नाही." मग ती एकदम थांबली. "कान म्हणजे?"

सिस्टरांनी नर्सच्या हातातली सिरिंज काढून घेतली. "पळ, डॉक्टरांना बोलाव," त्या हळू म्हणाल्या. मुलीला त्यांनी खाटेवर बसवलं आणि तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"बाळा."

मग जरा मोठ्याने, "बाळा, इकडे बघ."

मग त्यांनी आपला नेहमीचा आवाज लावला. "ए बाळा!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. टोकाच्या खाटेवरचं तान्हं दचकून रडायला लागलं. मुलगी झाकण फिरवत राहिली.