बंडूची भूक

"आजही खाल्लं नाही?" डॉक्टर नम्रता परेरांनी विचारलं.

"तोंडसुद्धा लावलं नाही," बुधाजी म्हणाले.

बंडू टेबलावर उभा राहून डॉक्टरांचा हात चाटत होता. लालबागच्या त्या लहानशा दवाखान्याची पायरी चढताना बाकीची कुत्री अंग चोरायची. हा मात्र पट्टा ताणत आत यायचा. डॉक्टरांनी बिस्कीट नाकाशी धरलं. बंडूने मान फिरवली.

त्याला धरून उभ्या असलेल्या आनंदीबाईंनी बुधाजींकडे पाहिलं. मदतनीस म्हणून त्या इथे लागल्यापासून दर गुरुवारी हेच चाललं होतं. म्हातारा एकटा. बायको गेलेली, घरात सोबतीला पुस्तकं आणि हा कुत्रा. उद्या याचं काही बरंवाईट झालं तर म्हाताऱ्याने जगायचं कोणासाठी?

"रक्त काढायचं ना, मॅडम?"

"पुढच्या वेळी बघू."

शिंकलेल्या मांजरालाही तपासण्या सांगणाऱ्या डॉक्टर याच्याच बाबतीत एवढ्या थंड कशा, हे आनंदीबाईंना कळेना.

डॉक्टरांनी बुधाजींसमोर स्टूल ओढलं. "घरातलं माणूस नीट जेवत नसेल तर काही कुत्रीही जेवत नाहीत. तुम्ही रात्री काय खाता?"

"डाळभात."

"भाकरी?"

"मला थापता येत नाही. तुटते."

"आणि प्रेशरची गोळी?"

"कधी कधी राहते."

"राहता कामा नये!" डॉक्टरांचा आवाज चढला. मग त्या बंडूचे कान कुरवाळू लागल्या. "याला कळतं सगळं."

बुधाजींनी उगाच चष्मा पुसला. निघताना ते दारात घुटमळले.

"डॉक्टर, तुम्ही जेवलात का?"

"जेवते आता."

"उशीर नका करत जाऊ."

"काय ओ आजोबा," आनंदीबाई हसल्या, "जेवत नाय कुत्रा, आणि चौकशी मॅडमची!"

म्हातारा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

पुढच्या गुरुवारी आनंदीबाई चहा सांगायला बाहेर पडल्या आणि जागच्या जागी थबकल्या. कोपऱ्यावरच्या बंद गाळ्याच्या पायरीवर बुधाजी बसले होते. पुढ्यात डबा. बंडू त्यात तोंड खुपसून चिकन-भात चेपत होता.

"सावकाश रे. ठसका लागेल. एवढा घास घे, शहाणा ना तू?"

डबा चाटूनपुसून झाला. बुधाजींनी रुमालाने बंडूच्या मिशांवरची शितं टिपली, डबा पिशवीत घातला आणि दवाखान्यासमोर येऊन नेहमीसारखे पाटी वाचत उभे राहिले.

"दर वेळी काय वाचता एवढं?" आनंदीबाई फणकारल्या. "मॅडमचं नाव काय बदललं नाय अजून!"

"नाही," ते खाली बघत म्हणाले. "तेच आहे."

आत टेबलाशी मात्र त्यांनी सांगितलं, "सकाळपासून उपाशी आहे."

आनंदीबाई तिथेच बोलणार होत्या, पण बाकावर माणसं बसली होती. चारचौघांत म्हाताऱ्याची शोभा नको. डॉक्टरांनी नेहमीसारखी बंडूची आणि त्याच्या मालकाची विचारपूस केली, नेहमीसारखंच पुढच्या गुरुवारी यायला सांगितलं. बुधाजी गेले तसं आनंदीबाईंनी तपासणीच्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"मॅडम, म्हातारा आपल्याला फसवतोय! आत्ता कोपऱ्यावर डबाभर चिकन-भात चारला त्याने. कुत्रा ठणठणीत हाय! भूक लागणार कुठून? पुढच्या खेपेला तोंडावर विचारते बघा."

डॉक्टर खिडकीशी उभ्या होत्या. रस्ता ओलांडायचा की नाही अशा विचारात बुधाजी फुटपाथच्या कडेला थांबले होते. बंडू त्यांना पुढे ओढत होता.

"विचारू नका, आनंदीबाई."

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या खेपेपासून. वजन वाढत चाललंय त्याचं."

"मग बोलला का नाय?"

बुधाजी पलीकडे पोचेपर्यंत डॉक्टरांनी त्यांच्यावरची नजर काढली नाही.

"माझ्या लग्नानंतर बाबांनी माझ्याशी बोलायला हा एकच विषय ठेवलाय."