उकळून निम्मं

पट्टी आधी गुलाबी झाली, मग वांग्यासारखी जांभळी. पाणी तपासायला आलेल्या बाईंनी ती डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली आणि पेला टेबलाच्या कडेला सरकवला.

"या विहिरीचं पाणी बाळाला द्यायचं नाही. थेंबभरसुद्धा."

"ऐकलंस?" सासूबाई सुनेकडे वळून म्हणाल्या.

चार दिवसांपूर्वी दोन महिन्यांच्या नातवाचे ओठ निळे पडले होते. अंगावरचं दूध पुरत नव्हतं, म्हणून तो डब्याच्या दुधावर होता. पोर वाचलं. पण दवाखान्यात, नर्सच्या आणि विहीणबाईंच्या देखत सासूबाई बोलून गेल्या होत्या, "आईचा हलगर्जीपणा, दुसरं काय." सून खाली मान घालून उभी राहिली होती.

"जंतूंचं काम नाही हे, मावशी," बाई म्हणाल्या. "पाण्यात नायट्रेट आहे, खतातून उतरणारा क्षार. त्यानंच बाळ निळं पडलं. विहिरीच्या वरच्या अंगाला मळा कुणाचा?"

मळा सासूबाईंचाच. सात गाईंचं शेण, मूत, गोठ्याचं धुवण, सगळं त्याच दीड एकरात जिरायचं. पोत्यातल्या खताचा दाणा आपल्या मातीला ठाऊक नाही, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

"शेणानं कधी कुणाचं वाकडं झालंय?"

"शेणाचा दोष नाही. पिकाला पेलेल त्याच्या तिप्पट पडलंय. उरलेलं पावसाबरोबर झिरपत खाली जातं. खाली विहीर आहे."

सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी एक गोष्ट अजून हातात होती. "पण बाटलीचं पाणी मी स्वतः उकळायचे. चांगलं निम्मं होईपर्यंत. मग थर्मासात भरून ठेवायचे."

बाईंचं पेन थांबलं. सांगावं की नाही, असं त्यांना क्षणभर झालं.

"उकळून पाणी उडतं, मावशी. नायट्रेट तिथंच राहतं. निम्म्या पाण्यात ते दुप्पट झालं." त्यांनी वहीत पाहिलं. "दिवसाच्या सातही बाटल्या त्याच पाण्याच्या? मग बाळ दवाखान्यापर्यंत जिवंत पोचलं कसं, हेच मला कळत नाही."

नातवासाठी आपण रोज विष आटवत होतो. सासूबाईंची नजर फरशीवरून उठेना. आता सुनेनं चारचौघांतला तो शब्द परत करावा. तिचा हक्कच होता. सून बोललीही. पण गुन्हा कबूल करणाऱ्याच्या आवाजात.

"सगळ्या नाही. रागावू नका, आई. थर्मासातलं निवायला वेळ लागायचा, आणि हा रडून घर डोक्यावर घ्यायचा. तुम्ही मळ्यात गेलात की मी विहिरीचं न उकळलेलं, कच्चंच पाणी घालायचे."