ठणठणीत गुडघा

"आई, आता उठू नकोस," लेक कानाशी पुटपुटली. रोज सकाळी अजिंक्यतारा चढणाऱ्या इंदुताई विमानतळावरच्या व्हीलचेअरमध्ये अंग चोरून बसल्या होत्या. रांगेत ताटकळायला नको म्हणून लेकीने तिकीट काढतानाच 'आईला चालवत नाही' असं कळवून टाकलं होतं.

वाटेत काठी टेकत आलेल्या एका आजोबांनी खुर्ची ढकलणाऱ्या विमानतळावरच्या कर्मचारी मुलीला थांबवलं. "मलाही एक मिळेल का गं?"

"सगळ्या गेल्यात, आजोबा. थोडं थांबावं लागेल."

इंदुताईंनी लेकीकडे पाहिलं. ती पासपोर्ट चाळत होती.

आजोबा इंदुताईंकडे वळले. "गुडघेच ना? माझंही तेच दुखणं. सांभाळा हं, ताई."

इंदुताईंनी मान डोलावली आणि विमानाचं दार येईपर्यंत त्या आपला ठणठणीत गुडघा चोळत राहिल्या.